तीनाच्या पुढचा आलेख

ऑक्टोबर लागला की शेजारची ऋतुजा वही घेऊन माझ्याकडे येते. सहामाही जवळ आल्याशिवाय तिला मी आठवत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. निवृत्त मास्तरणीचा भाव परीक्षेपुरताच असतो. आमच्या रोह्याच्या घरामागे या दिवसांत भात पिवळं होऊन वाकलेलं असतं. पहाटे दव, दुपारी घामाच्या धारा. दोन वाफे आधीच कापून झालेले असतात आणि त्यांच्या ओलीवर वाल टाकायची कुणाची तरी घाई चाललेली असते. कापलेल्या भाताचा तो गोडसर, जरा कोंदट वास खिडकीतून आत येतो. लोकांना या वासाने दिवाळी आठवते. मला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आठवतो, आणि त्या गठ्ठ्यातली एकच उत्तरपत्रिका.

यंदा ऋतुजा बारावीला आहे. तिला आलेख काढायला कागद लागत नाही. मोबाइलवर समीकरण टाकायचं, की रेघ आपोआप उमटते. परवा तिने टाकलं ते क्षचा घन वजा चार क्ष. यात नवल काहीच नाही, बहुपदीच्या धड्यात हे समीकरण असतंच. उणे दोन, शून्य आणि दोन या तीन ठिकाणी ते आडव्या अक्षाला छेदतं, आकडे सुटसुटीत येतात, म्हणून पुस्तकं लिहिणाऱ्यांना ते आवडतं. ऋतुजाने दोन बोटांनी चित्र लहान केलं. तीन गेले, चार गेले, दहा गेले, रेघ आपली वर वर जातच होती.

"काकू, हा परत खाली नाही का येत?" तिने अगदी सहज विचारलं.

मी तिला काय सांगायचं ते सांगितलं आणि चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले. दूध उतू गेलं तेव्हा भानावर आले.

बहुपदी ही तशी सरळमार्गी गोष्ट. तिचा आलेख मध्येच तुटत नाही, त्याला टोकदार कोपरे नसतात, हात न उचलता काढता येतो. घात जितका, त्याहून एक कमी, एवढी वळणं तो जास्तीत जास्त घेऊ शकतो. तिसरा घात असेल तर फार तर दोन. एकदा चढेल, एकदा उतरेल, पुन्हा चढायला लागेल, आणि मग मात्र वळणं संपली. शेवटचं वळण गेल्यावर तो ज्या दिशेला निघाला त्या दिशेला जातच राहतो. मी हे तीस वर्षं शिकवलं. खडू हातात घेऊन, उजव्या टोकाला बाण काढून, दरवर्षी तेच वाक्य. त्या वाक्यात चूक कधीच नव्हती, हेच तर माझं दुखणं आहे.

पेणच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. आमचं गाव रोह्याच्या आतल्या अंगाला, भाताचं आणि वालाचं. समुद्र मी पाहिला तो शाळेच्या सहलीला. भरती-ओहोटी म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली आकृती, चंद्र एकीकडे आणि सूर्य दुसरीकडे. पेणला मी खोली घेतली ती गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत. ऑक्टोबरात त्या आळीला काम नसे. अंगणात रिकामे साचे उन्हाला उताणे पडलेले, भिंतींवर रंगांचे शिंतोडे, आणि मी ओसरीवर लाल पेन घेऊन बसलेली. मुलं मला मागून फूटपट्टी म्हणत. मला ते कळलं होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडलंही होतं. बाई माणसाने गणित शिकवायचं तर अर्धा गुण इकडचा तिकडे होता कामा नये, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. नाकावर माशी बसू देत नव्हते.

सुगंधा वडखळच्या पलीकडून यायची, धरमतरच्या खाडीकाठच्या गावातून. गावातून बांधावरून चालत रस्त्यापर्यंत, तिथून एसटीने. कॉलेजच्या नळावर ती आधी पाय धुवायची. घोट्यापर्यंत राखाडी चिखल असायचा. मग पिशवीतून चपला काढून घालायची आणि तिसऱ्या बाकावर येऊन बसायची. वर्गात फारसं बोलायची नाही. तिला बारावी करून डी.एड. करायचं होतं आणि गावातल्याच शाळेत शिकवायचं होतं, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. गावात मास्तर टिकत नसत. पावसाळ्यात बांध निसरडा झाला की बाहेरून येणारा मास्तर आठवडा आठवडा फिरकायचा नाही. म्हणून सुगंधाने ठरवून टाकलं होतं की मास्तर गावातलाच पाहिजे, आणि तो आपणच व्हायचं.

एकदा मी वर्गाला चिडून विचारलं, "तेराचे पाऊणपट किती? बारावीला आलात, तोंडी सांगता येत नाही?" पोरं वह्यांवर आकडेमोड करायला लागली. तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "पावणेदहा."

"कसं काढलंस?"

"तिथीची पाऊणपट, बाई. आज तेरस हाय ना. पावणेदहाला भरती. आमच्या खाडीत आतवर यायला वर थोडा येळ धरायचा."

तिचे वडील गावच्या उघाडीवर असत. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध घातलेला असतो, आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जायला त्या बांधात एक दार असतं. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला दार उघडायचं, भरतीआधी लावायचं. एका अंगाला गोड्या पाण्याचं भात, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मिठागरं. मधे एक दार आणि एक माणूस. तो माणूस पंचांग बघायचा, पाऊणपट करायचा आणि दाराशी जाऊन उभा राहायचा. त्याचं गणित चुकलं तर शेत खारं. सुगंधा हे सगळं सांगायला लागली होती, तर मी म्हटलं, "बस. गणिताच्या तासाला पंचांग नको." वर्ग हसला. तीही थोडी हसली. मला तेव्हा वाटलं, काय छान बोललो आपण.

ज्या मुलीच्या घरात रोज दोनदा गणित करून दार लावलं जातं, तिला मी गणितात कच्ची म्हणत होते.

मग तो आलेखाचा तास झाला. फळ्यावर मी क्षच्या किमतींचा तक्ता केला, उणे तीन ते तीन. बिंदू ठेवले. बिंदू जोडताना फूटपट्टी लावायची नाही, हात सैल सोडायचा, असं मी सांगितलं तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. मी रेघ काढली आणि उजव्या टोकाला बाण केला.

सुगंधाने विचारलं, "तीनाच्या पुढं, बाई?"

"वर जातो."

"मग उतरतो कवा?"

"उतरत नाही. वरच जातो."

ती फळ्याकडे बघत राहिली. काहीतरी विचारायचं होतं तिला, ओठ हललेही. पण आठवड्यापूर्वीचं ते पंचांग तिच्या लक्षात असणार. गप्प बसली. मुलगी गप्प बसली म्हणजे तिला समजलं, अशी मी सोयीची समजूत करून घेतली आणि पुढचं उदाहरण घेतलं.

सहामाहीत मी तेच समीकरण घातलं. तक्ता करा, आलेख काढा, आलेख दोन्ही बाजूंना पुढे कसा जाईल ते दाखवा. गुण पाच. एक तक्त्याला, दोन बिंदूंना, एक रेघेला, एक टोकांना. ही वाटणी मीच केली होती, माझ्याच अक्षरात पेपराच्या मागे लिहिली होती.

सुगंधाचा तक्ता बरोबर होता. सातही बिंदू जागच्या जागी. आणि रेघ, काय सांगू, माझ्या फळ्यावरच्या रेघेपेक्षा सुरेख होती. कुठे थरथर नाही, कुठे दोनदा गिरवलेलं नाही. तीनापर्यंत. तीनाच्या पुढे तिने रेघ किंचित वर नेली होती, गोल वळवली होती आणि खाली आणली होती. डावीकडेही तसंच, किंचित खाली नेऊन पुन्हा वर. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "पुढे असेच."

तिने मला खाडी काढून दिली होती. चढतं ते उतरतं, उतरतं ते चढतं, पुढे असेच.

या आलेखाचे पाचातले चार गुण तिचे होते. मी त्यावर लाल शाईचं भलंमोठं शून्य काढलं. शेजारी शेरा लिहिला, "मुळात समजलेले नाही." बेरीज झाली तेहतीस. पास व्हायला पस्तीस लागत.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते शून्य मी रागाच्या भरात दिलं. तरुण रक्त, तत्त्वाचा ताठा, वगैरे. राग नव्हता. ओसरीवर बसून, चहाचा घोट घेत, शांतपणे दिलं. त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, "बोर्डाचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे. तुम्हाला कायम व्हायचंय ना? मग कच्ची मुलं सहामाहीलाच थांबवा." सहामाहीत जो नापास, त्याचा बोर्डाचा फॉर्म भरून घ्यायचा नाही, अशी आमच्याकडे रीत होती. कागदावर कुठे नव्हती, पण सगळे पाळत. मी मनात यादी केलीच होती. सुगंधाचं नाव त्या यादीत होतं, आणि चार गुण दिले असते तर ते यादीतून निघालं असतं. एवढंच. पुढचं सगळं तत्त्वज्ञान मी मागाहून रचलं.

तिचे वडील आले ते दुपारी, ओहोटीच्या वेळेला, म्हणजे उघाडीवर काम असताना. माझ्या हे आज लक्षात येतं. उंच, वाळलेला माणूस, पावलांना मिठाने पडलेल्या भेगा. स्टाफरूमच्या दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तर पायाकडे बघून नको म्हणाले. सुगंधा मागे, पदराआड उभं राहावं तशी त्यांच्या पाठीआड. त्यांनी घडी घातलेली उत्तरपत्रिका उघडली आणि माझ्यासमोर धरली.

"बाई, मी शिकलेला नाय. पण यात चुकलंय काय, ते तेवढं दाखवा."

मी आलेखाच्या टोकावर बोट ठेवलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. मला आजही तो उजळलेला चेहरा दिसतो.

"बराबर तर हाय. चढलं, उतरलं. असंच असतंय."

"हे पाणी नाही," मी म्हटलं. "ही बहुपदी आहे. शेवटचं वळण गेलं की ती परत येत नाही."

"परत येत नाय, असं कुठं असतंय का, बाई?"

"गणितात असतं."

त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. पोरीला विचारलं, "व्हय गो?" सुगंधाने मान हलवली. तिने माझी बाजू घेतली, बापाविरुद्ध. बाई सांगतात तेच खरं, एवढा तिचा माझ्यावर विश्वास होता.

"फारम तेवढा भरू द्या," ते म्हणाले. "दोनच गुण हायेत. घरी करंल ती अभ्यास."

"पुढच्या वर्षी बसू दे. पाया पक्का होईल."

"पुढल्या वर्षी नाय जमायचं. दिवाळी झाली का मिठाचं आगर सुरू. हिची आई आता वाकत नाय, हिलाच जावं लागंल. हे एक वरीस मी कसंतरी ओढलं असतं." मी घड्याळाकडे बघितलं तसे म्हणाले, "बरं. येळ झाली, दार लावायला पायजे." आणि निघून गेले. ते बाप-लेक फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी पुढचा पेपर तपासायला घेतला होता.

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं. तिसऱ्या बाकावर एक जागा रिकामी होती. त्याच पुस्तकात पुढे दुसरा एक धडा होता, त्यात साइनचा आलेख येतो. मी फळ्यावर रेघ काढायला लागले. वर गेली, गोल वळली, खाली आली, पुन्हा वर. आणि खडू हातात थांबला. ही रेघ मी पाहिली होती. पेन्सिलीने काढलेली, कुठेही न थरथरलेली. जे चढतं आणि उतरतं, आणि पुढे असेच, त्याचंही समीकरण असतं, त्याला नाव असतं, त्यावर अख्खा धडा असतो. मला तो सहामाहीच्या वेळीही येत होता. "सुगंधा, तू काढलंस ते चूक नाही, ते दुसरं फलन आहे, दिवाळीनंतर शिकवते," एवढं वाक्य मला बोलता आलं असतं. बापाला दाखवता आलं असतं की तुमची खाडी पुस्तकात आहे, हे बघा हे पान. त्या मुलीचं आयुष्य त्या एका पानाने मागे राहिलं. मी वर्गाकडे वळून म्हटलं, "उतरवून घ्या."

त्या वर्षी माझा निकाल शंभर टक्के लागला. मला कायम केल्याचं पत्र मिळालं. आईने रोह्याला पेढे वाटले.

लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. असेल. माझ्या बाबतीत काळाने एवढंच केलं की शून्य मोठं दिसायला लागलं. पुढे मी बरी शिक्षिका झाले, असं मुलं सांगतात. गुण हात सैल सोडून दिले. पंचांगवाल्यांना बोलू दिलं. त्याने जुना हिशोब मिटत नाही. ज्याला भूक होती तो उपाशी गेला आणि मी नंतर गावजेवण घातलं, असं ते झालं.

निवृत्तीला दोनेक वर्षं असताना निवडणुकीची ड्यूटी लागली. गाव कुठलं ते यादीत वाचलं, ते सुगंधाचं निघालं. रद्द करून घ्यायचा प्रयत्नही केला, गुडघ्याचं कारण सांगून. जमलं नाही. शाळेच्या एका खोलीत मतदान होतं, आणि माझं काम मतदाराच्या बोटाला शाई लावायचं. सकाळभर बोटं बघत होते, तोंडं फारशी बघत नव्हते. दुपारी एक हात पुढे आला. तळवा जाड, नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या, बोटांच्या पेरांवर भेगा. शेजारच्या मदतनिसाने अंगठ्यासाठी पॅड पुढे सरकवलं, तर ती बाई म्हणाली, "सही करते," आणि तिने स्वच्छ, गोल अक्षरात सही केली. मी वर पाहिलं.

"वळखलं नाय, बाई?" सुगंधा हसत होती.

मी तिच्या बोटाला शाई लावली. रेघ वाकडी आली.

संध्याकाळी पेट्या सील करून झाल्या. आमची गाडी यायची होती. सुगंधा शाळेच्या पायरीवर बसून होती, माझी वाट बघत. "चला, बांध दाखवते," म्हणाली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते गेल्यावर उघाडीवर कुणी बसलं नाही, पोरं कंपनीत शिफ्टला जाणारी. एका उधाणाला बांधाला खांड पडली. पूर्वी खांड पडली की सगळं गाव ओहोटीत चिखल घेऊन उतरायचं आणि पुढच्या भरतीआधी ती बुजवायचं. त्या वेळी चार म्हातारे उतरले. दर भरतीला खांड रुंद होत गेली.

बांधावर उभं राहून मी पाहिलं. भाताची शेतं असायला हवी होती तिथे लांबवर राखाडी चिखल, आणि त्यात तिवरांची झाडं उगवलेली. मधूनमधून पाण्याची डबकी. खाडी कुठे संपते ते कळत नव्हतं.

"बाबा म्हनायचा, चढलं ते उतरतंच," सुगंधा म्हणाली. "मेला तवर म्हनत व्हता. पाणी उतरलं, बाई. खार नाय उतरला. दर साली चढतोच हाय." तिने हाताने हवेत एक रेघ काढली, वर जाणारी. "क्षचा घन वजा चार क्ष. तीनाच्या पुढं वरच जातो. तुमी सांगितलेलं, मला ठाव हाय अजून. तुमचंच खरं निघालं."

टोमणा असता तर बरं झालं असतं. मी तिच्या चेहऱ्यावर शोधला. नव्हता. कडू असं काहीच नव्हतं त्या चेहऱ्यावर.

"तवा माझंच चुकलेलं," ती म्हणाली. "तुमी तरी काय करनार?"

आता बोल, मी स्वतःला म्हटलं. तक्ता बरोबर होता. बिंदू बरोबर होते. रेघ बरोबर होती. चार गुण तुझे होते, तू पास होतीस, सदतीस. शाळेकडून गाडीचा हॉर्न वाजला. गाडी थांबली असती, मला माहीत आहे.

"हं," मी म्हटलं.

उतरताना बांध निसरडा होता. तिने माझं मनगट धरलं, "जपून, बाई," म्हणाली, आणि मला खाली उतरवलं.

चहा घेऊन मी बाहेर आले तेव्हा ऋतुजाने मोबाइल बाजूला ठेवून कागदावर आलेख काढला होता. हाताने काढायची सवय हवी, परीक्षेत मोबाइल नसतो, हे मीच तिला सांगून ठेवलंय. सात बिंदू, बरी रेघ. टोकांना मात्र तिने काहीच केलं नव्हतं, रेघ तीनाशी येऊन थांबली होती.

"काकू, पाच मार्कांचा प्रश्न आहे. पुढचं चुकलं तर किती कापतात?"

"एक," मी म्हटलं.

"एकच?"

"एकच."